बटणची साखर

टेलरकाका त्या दिवशी दवाखान्यात आले तेव्हा बाकावर एकच जागा रिकामी होती, आणि ती नेमकी एका वासराएवढ्या काळ्या कुत्र्याच्या शेजारी होती. "जरा सरकता का," असं त्यांनी दोघातिघांना विचारून पाहिलं. कोणी ढिम्म हललं नाही. मग ते तिथेच टेकले आणि मांजराची टोपली त्यांनी पायाशी ठेवली. कुत्र्याने लगेच टोपलीच्या जाळीला नाक लावलं. आतून एक आवाज आला. तो म्याँव नव्हता, गुरगुरणंही नव्हतं. ओल्या काचेवरून बोट ओढल्यावर येतो तसा काहीतरी होता.

काउंटरमागे सिस्टरने तो ऐकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, टोपली वर घ्या. मांडीवर घ्या."

"मांडीवर मावत नाही हो सिस्टरबाई."

"मग इथे आणून द्या माझ्याकडे."

काका उठणार तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवते तोवर आतून डॉक्टरांची हाक आली, एका पिल्लाचे टाके काढायचे होते. ती बाहेर आली तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती आणि टोपली जमिनीवरच होती. आवाज मात्र बंद झाला होता. काका समाधानाने म्हणाले, "शांत झाली बघा."

शांत झालेलं मांजर आणि गप्प झालेलं मांजर यात काय फरक असतो, हे बाकावर बसलेल्या माणसाला दोन वाक्यांत कसं सांगायचं, हे सिस्टरला इथल्या अकरा वर्षांत जमलं नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात 'सिस्टर' ही हाक तशी गमतीचीच. पण ती खरोखरची नर्स होती. नऊ वर्षं तिने लहान मुलांच्या वॉर्डात काढली होती. तो वॉर्ड बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी तिला इथे घेतलं. मुलाखत अशी झालीच नाही. "मुलं धरता येतात ना? मग मांजरंही येतील," एवढंच ते म्हणाले होते. धरता आली. पण धरता धरता तिचं लक्ष दुसरीकडेच जायला लागलं. उकाडा नसताना धापा टाकणारा कुत्रा, झोप आलेली नसताना जांभया देणारा कुत्रा, टेबलावर चपट्या पिशवीसारखं पडून राहणारं मांजर. दोन वर्षांपूर्वी तिला दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं, आणि तिथल्या बाईंनी तिने नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची कारणं सांगितली. ती वहीभर लिहून घेऊन परत आली. मांजरांना बसायला वेगळा कोपरा, टोपलीवर कापड, टोपलीचं झाकण वरून उघडून तपासणं, स्टीलच्या टेबलावर न घसरणारी मॅट. डॉक्टरांनी हात धुता धुता सगळं ऐकलं.

"मॅट घ्या," ते म्हणाले.

"आणि बाकीचं?"

"बघू."

मॅट आली. बाकीचं दोन वर्षं 'बघू'वरच अडकलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी ती विषय काढायची आणि दर वेळी डॉक्टर तेच म्हणायचे, "सिस्टर, ताप मोजता येतो. वजन मोजता येतं. भीती कुठल्या रकान्यात लिहू?"

माणूस वाईट नव्हता. गाडीखाली सापडलेला कुत्रा चार-चार तास उभं राहून शिवायचा. त्यांच्या हाताला यश होतं आणि ते त्यांना माहीत होतं, हीच खरी अडचण होती.

काकांचा नंबर आला. टोपली टेबलावर गेली. सिस्टरने झाकणाच्या कड्या काढायला घेतल्या, तोवर डॉक्टरांनी टोपलीचं दार उघडून ती तिरकी केली होती. "चाळीस जण बसलेत बाहेर," ते म्हणाले. आतलं मांजर चारही पायांनी जाळीला धरून राहिलं. डॉक्टरांनी टोपली हलवली. मांजर धपकन टेबलावर पडलं, जमिनीसपाट झालं आणि त्याने तिथेच शू केली.

ती पांढरी, अंगावर चार गोल काळे ठिपके असलेली मांजरी होती. म्हणून तिचं नाव बटण. कान मागे चिकटले होते आणि डोळ्यांत नुसता काळा गोल उरला होता.

सिस्टरने सवयीने फडकं घेतलं आणि टेबल पुसून टाकलं.

"काय होतंय हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शू करते हो. कुठेही. महिना झाला. आणि कुठेही म्हणजे नेमकी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर. परवा एकाची पँट. उंची कमी करून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली. आता त्या माणसाला मी काय सांगू?"

"पाणी जास्त पिते?"

"पिते की. वाटी रोज रिकामी असते."

"बारीक झालीये?"

"मला नाही वाटत. पण सूनबाई म्हणते झालीये."

डॉक्टरांनी मान हलवली. रक्त घ्यायचं ठरलं. सिस्टरने बटणला मानेच्या कातडीला धरलं, कारण दुसऱ्या कशाने ती राहिली नसती. पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा बटणने पाय ओढून घेतला. तिसऱ्यांदा मिळालं. तोपर्यंत मांजरी तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती आणि काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

यंत्रावरचा आकडा सिस्टरनेच वाचला. "तीनशे सहा."

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टर डॉक्टरांच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, ती फार घाबरलीये. घाबरल्यावर मांजरांची साखर चढते."

"एवढी?"

"एवढीसुद्धा. तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते ना, ती पाठवू या बाहेर. नाहीतर निदान लघवी तरी बघू. साखर आत्ताच चढली असेल तर लघवीत नसेल..."

बोलता बोलता ती थांबली. ओलं फडकं अजून तिच्या हातात होतं. डॉक्टरांनीही त्याकडे पाहिलं.

"लघवी तुम्ही पुसलीत," ते म्हणाले.

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं जे होतं ते सांगितलं.

"आणि बाहेरची तपासणी यायला पाच दिवस," ते पुढे म्हणाले. "पाच दिवस तीनशे साखर घेऊन तिला घरी पाठवू? खूप शू, खूप पाणी, वजन कमी, साखर तीनशे. अजून काय हवंय तुम्हाला?"

कागदावर सगळं जुळतच होतं. इन्सुलिन ठरलं. दोन युनिट सकाळी, दोन युनिट संध्याकाळी.

सुई कशी द्यायची हे तिनेच काकांना शिकवलं. काकांनी सिरिंज हातात घेतली आणि परत टेबलावर ठेवली. "चाळीस वर्षं सुई हातात आहे हो माझ्या," ते ओशाळून म्हणाले. "पण कापड ओरडत नाही ना."

'थांबा काका, आज देऊ नका,' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण डॉक्टर हाताच्या अंतरावर उभे होते, आणि पेशंटसमोर डॉक्टरांचा शब्द खाली पाडायचा नाही हे नऊ वर्षं वॉर्डात अंगात मुरलेलं. ती एवढंच म्हणाली, "खाल्लं नसेल तर सुई द्यायची नाही. झोक गेला, अंग थरथरलं, काहीही वेगळं वाटलं, तर लगेच फोन. विचार करत बसायचं नाही."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक होता आणि कोणत्याही भानगडीचा त्याला दोन मिनिटांत निकाल लागलेला हवा असायचा.

"तू तुझं सांगितलंस ना? झालं तर मग."

"सांगितलं म्हणजे झालं नाही! गाडीचा ब्रेक लागत नाही हे तू सांगितलंस, आणि तरी त्यांनी गाडी काढली, तर तू झालं म्हणशील?"

"मी चावी देणारच नाही."

"माझ्याकडे कुठली चावी आहे?"

तिने पातेलं एवढ्या जोरात ठेवलं की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता फोन आला. काकांची सून बोलत होती.

"ताई, बटण पडतेय. उठते आणि पडते. मान वाकडी करते."

"खाल्लंय का सकाळी?"

"थोडंसं. बाबांनी सुई दिली, म्हणाले थोडं तरी खाल्लंय ना."

"साखरेचं दाट पाणी कर, आत्ताच्या आत्ता. बोटाने हिरड्यांना चोळ. तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल. आणि निघा."

बारा मिनिटांत ते पोचले. तोवर सिस्टरने डॉक्टरांना जेवणावरून उठवलं होतं. बटण चादरीत होती आणि तिच्या पायांना झटके येत होते. साखर एकतीस. डॉक्टरांनी एक शब्द बोलण्यात घालवला नाही. त्या दोऱ्यासारख्या बारीक, बसलेल्या शिरेत त्यांनी पहिल्याच खेपेला सुई घातली. इतक्या सफाईने की सिस्टर क्षणभर सगळा राग विसरली. ग्लुकोज गेलं. झटके थांबले. पाऊण तासाने बटणने मान उचलली आणि जिथे काकांचा हात होता तिथे ठेवली. काका रडत होते. रुमाल सापडत नव्हता म्हणून त्यांनी गळ्यातल्या मोजपट्टीच्या टोकाने डोळे पुसले.

"डोस जास्त झाला," डॉक्टर म्हणाले. "एक युनिट करू."

"सर!" सिस्टर म्हणाली.

ती ओरडली नव्हती, पण बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण बाहेर एकदम शांतता झाली. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि ते मागच्या खोलीत गेले. ती मागोमाग गेली.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. असते तर मीच बंद केलं असतं."

"तीनशे सहा होती. आकडा तुम्हीच वाचलात."

"वाचला. त्याआधी तिच्याशेजारी पाऊण माणसाएवढा कुत्रा बसला होता. टोपलीतून तिला आपटली. तीनदा टोचली. मीच धरली होती. माझीसुद्धा तीनशे झाली असती!"

डॉक्टरांनी हवेत हात झटकला. ते खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "ठीक आहे. तीन दिवस इन्सुलिन बंद. मग घेऊन यायला सांगा, परत मोजू."

"इथे?"

"मग कुठे?"

"इथे आणली की परत तीनशे येणार."

"मग तो मधुमेहच ना!"

सिस्टर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एवढा हुशार माणूस, आणि घाण्याच्या बैलासारखा त्याच वाटेवर गोल गोल फिरत होता. आता हसावं की भिंतीवर डोकं आपटावं हे तिला कळेना. ती काहीच न करता बाहेर आली आणि पुढच्या माणसाला आत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने कपाटातलं साखर मोजायचं जुनं यंत्र पिशवीत टाकलं. कोणाला विचारलं नाही.

टेलरकाकांचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. मधे एक पडदा. सिस्टर दुकानात गेली आणि कापड कापायच्या टेबलाशेजारी फरशीवर बसली. सून गोंधळली.

"ताई, खुर्ची देते ना."

"नको. चहा दे. आणि मांजराकडे अजिबात बघू नकोस."

"मांजर आहेच कुठे?"

"म्हणूनच."

वीस मिनिटं ती नुसती बसून राहिली. काका शिवत होते, सून बटणं लावत होती. चहा संपला. मग टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यामागून एक पांढरं डोकं बाहेर आलं, सिस्टरच्या चपलेचा वास घेतला, पिशवीचा घेतला आणि काकांच्या पायाशी जाऊन बसलं. डोळे हिरवे होते. सिस्टरने ते पहिल्यांदाच पाहिले.

"हिचा मातीचा ट्रे कुठे ठेवता?" तिने हळूच विचारलं.

"त्या मशीनमागे." सुनेने कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथे एक नवीकोरी ओव्हरलॉकची मशीन होती. कापडाच्या कडा शिवणारी, चार रिळांची.

"कधी आली ही?"

"महिना झाला. आधी ट्रे जिन्याखाली असायचा. पण मशीनचं खोकं तिथे ठेवलं, म्हणून मग ट्रे इकडे आणला."

"चालव बरं जरा."

सुनेने पायडल दाबलं. मशीन किंचाळली. बटण इतक्या वेगाने नाहीशी झाली की नुसतं चिंध्यांचं पोतं हललेलं दिसलं.

सून पायडलवरचा पाय उचलायला विसरली. "अगंबाई," ती म्हणाली. "मी दिवसभर हिच्यावरच असते."

"आणि तिने तिथे जाऊन शू करायची?"

काकांनी शिवण थांबवली होती. "म्हणून कपड्यांवर," ते हळू आवाजात म्हणाले. "घडी करून ठेवतो ते कपाट जिन्याशेजारीच आहे. मी आपला म्हणत होतो, हिला माझी गिऱ्हाइकं पसंत नाहीत."

"आणि पाण्याची वाटी रोज रिकामी होते म्हणालात."

"होते ना," काका म्हणाले.

"बाबा, ती मी रिकामी करते!" सून म्हणाली. "शिळं पाणी कुंडीत ओतते, मग दुपारी नवीन घालते. तुम्ही मधे कधीतरी बघता."

"आणि बारीक झालीये, ते?"

"अहो, ते तर मी केस गळताना बघून म्हटलं. अंगावरची लव गेली की बारीक दिसते ना."

सिस्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या तीन वाक्यांवर एका जिवाला तीन दिवस सुया टोचल्या होत्या. दोष द्यायचा तर कोणाला? काकांनी जे दिसलं ते सांगितलं. डॉक्टरांनी जे ऐकलं ते धरलं. तिने टेबल पुसलं. पुढचा प्रश्न विचारायला त्या खोलीत कोणाला सवड नव्हती, तिलासुद्धा.

बटण परत यायला आणखी पंधरा मिनिटं गेली. काकांनी तिला मांडीवर घेतलं, मोजपट्टीचं टोक तिच्यापुढे हलवत राहिले, आणि सिस्टरने कानाच्या कडेला अलगद टोचलं. कान फडकला, एवढंच. चौऱ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. एकशे एक. त्या दिवशी तिने, सुनेने माती काढून धुऊन मशीनपासून दूर ठेवलेल्या ट्रेमध्ये बटणने केलेली लघवीही बाटलीत घेतली आणि पट्टीवर तपासली. साखर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, तिने तिन्ही गोष्टी तारीखवेळ घालून एका कागदावर लिहिल्या आणि डॉक्टरांपुढे ठेवल्या. डॉक्टरांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला.

"हे यंत्र कुठलं?"

"आपलंच. कपाटातलं."

"विचारलंत का नेताना?"

"नाही."

"दवाखान्याची वस्तू अशी पिशवीत घालून न्यायची नसते, सिस्टर."

ती वाट पाहत राहिली. यंत्र नेण्यावर ते बरंच बोलले. कपाटाच्या किल्ल्या, वस्तूंची नोंद, शिस्त. चौऱ्याण्णववर एक शब्द नाही. शेवटी डॉक्टरांनी फोन उचलला आणि काकांना लावला.

"इन्सुलिन बंदच ठेवा," ते म्हणाले. "हो, हो. मांजरांमध्ये होतं असं कधीकधी. मधुमेह आपोआप जातो. नशीबवान आहे तुमची बटण."

पुढच्या आठवड्यात काका स्वतः शिवलेला पांढरा कोट घेऊन आले. त्यांनी डॉक्टरांचं माप कधी घेतलं कोण जाणे, पण खांद्यात अगदी बरोबर बसला. "तुमच्यामुळे वाचली," काका दोन्ही हातांनी डॉक्टरांचा हात धरून म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "अहो, माझं कामच आहे ते." सून दारात उभी होती. तिने सिस्टरकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "खोकं फेकलं, ताई. ट्रे जिन्याखाली ठेवला. त्या दिवसापासून एकदाही कपड्यांवर नाही."

ते गेल्यावर सिस्टर फाइल घेऊन आत गेली.

"सर, हिला मधुमेह नव्हताच. तुम्ही 'बरा झाला' असं लिहिलंय. उद्या दुसऱ्या कोणी ही फाइल पाहिली तर परत सुरू करतील."

"काय लिहू मग?"

"जे झालं ते. घाबरून साखर चढली होती."

डॉक्टरांनी नवीन कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. ते एकदम थकल्यासारखे दिसले.

"तीस वर्षं मी मांजरांचं रक्त याच टेबलावर घेतोय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर आधीची..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. सिस्टरला एक राखाडी बोका आठवला. मागच्या वर्षीचा. इन्सुलिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांत घरीच मेला होता. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोघी बहिणींचा. तेव्हा सगळे म्हणाले होते, आजारच वाईट. तो बोका डॉक्टरांनाही आठवला असेल का, हे तिला विचारवेना. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण रागावर तिचा हक्क होता आणि तोही तिला नीट धरून ठेवता येईना.

फाइल तिने टेबलावरच ठेवली. संध्याकाळी परत पाहिली. 'बरा झाला' खोडलेलं होतं. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

चार दिवस गेले. मग एक दुकानदारीण बाई आपला जाडजूड केशरी बोका घेऊन आली. तहान फार, वजन उतरलेलं. बाहेर तीन कुत्रे होते आणि एक तर भुंकतच होता. सिस्टरने बाईच्या हातातून टोपली घेतली, वर आपली ओढणी टाकली, डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि टोपली त्यांच्या खुर्चीवर ठेवली.

"हे काय?" डॉक्टर दारातून म्हणाले.

"हा इथे थांबेल. अर्धा तास. दुसरी जागा नाही."

"आणि मी?"

"तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटत नाही."

ते फाइल भिंतीला टेकवून बोळातच उभ्याने लिहायला लागले. अर्ध्या तासाने झाकण वरून उघडून, बोका टोपलीच्या तळातच बसलेला असताना सिस्टरने कानातून रक्त घेतलं. तीनशे चाळीस. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले.

"पाठवा ती तपासणी बाहेर," ते कुरकुरले. "आणि लघवी घरून आणायला सांगा. नाहीतर तुम्ही आहातच फडकं घेऊन."

लघवीत साखर निघाली. पाच दिवसांनी बाहेरचा कागद आला. मधुमेह होता, अगदी पक्का. डॉक्टर तो कागद हातात घेऊन दिवसभर दवाखान्यात अशा थाटात हिंडले, जणू पैज जिंकली. "म्हटलं होतं ना मी, बघताक्षणी?" त्यांनी तिला तीनदा ऐकवलं. एकदा तर फोनवर बोलत असताना. मांजरांच्या कोपऱ्याचं तिने त्याच दिवशी परत विचारलं, तर म्हणाले, जागा आहे कुठे, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिने दात आवळले आणि बोका घेऊन परत आलेल्या दुकानदारीण बाईला आत नेलं. कातडीची चिमूट कशी धरायची, सुई कोणत्या कोनात जाते, आधी खायला घालायचं, हे एकेक करून दाखवलं. बाईंनी विचारलं, "नक्की द्यायचीच ना हो ही? मला फार जिवावर आलंय."

"द्यायचीच," सिस्टर म्हणाली. "हातात धरा. मी आहे."